तीट

“आता नाहीये ताप,” शैलेश म्हणाला. “तू जा. वेळेवर पोचली नाहीस तर सुरुवातीलाच दोन फटक्यांचा दंड बसेल.”

मी तरीही मनवाच्या मानेखाली हात घालून पाहिला. मग स्वतःच्या मानेला लावला. मग परत तिच्या. आठ महिन्यांची होती ती, पहाटेपासून कुरकुरत होती, आणि अंजनेरीच्या बाजूने जानेवारीचं बोचरं वारं सुटलं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर मी तिला पाजलं, टोपी कानांवर ओढली आणि काजळाच्या डबीत बोट बुडवून तिच्या गालावर तीट लावली.

महादूकाका गाडीकडे पाठ करून उभे होते, माझी बॅग खांद्याला लावून. मी दार उघडलं तसे वळले.

“झालं का ताई? बाळाला लावली. आता आपल्या पोरांना लावू.”

खिशातून काळं पेन काढून त्यांनी चार कोरे चेंडू हातात घेतले आणि प्रत्येकावर, आकड्याच्या जरा वर, एक टपोरा ठिपका दिला. गोल्फचे चेंडू सगळे एकसारखे दिसतात, म्हणून प्रत्येक खेळाडू आपल्या चेंडूवर खूण करते. कुणी दोन रेघा ओढतं, कुणी नावाचं अक्षर घालतं. माझ्या चेंडूवर मी अकरा वर्षांची असल्यापासून काकांची तीट. बाबा आमच्या पुण्याच्या क्लबात कारकून होते, सोमवारी मैदान बंद असायचं तेव्हा नोकरांच्या मुलांना खेळायला मिळायचं, आणि महादू लोंढे नावाचा एक कॅडी कुणी न सांगता माझ्यामागे बॅग घेऊन चालायला लागला. तेव्हापासून तेच. मी व्यावसायिक झाले, दोन मोठ्या स्पर्धा जिंकले, लग्न झालं, मनवा झाली. बॅग काकांच्याच खांद्यावर.

बाळंतपणात माझं दीड वर्ष गेलं आणि कार्डही गेलं. कार्ड म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांमध्ये खेळायची परवानगी. ते परत मिळवायचं तर नाशिकबाहेरच्या या मैदानावर तीन दिवस खेळायचं होतं. चौऱ्याहत्तर जणी होत्या. कार्ड पहिल्या वीस जणींना.

“एक प्रयत्न कर,” शैलेश मला म्हणाला होता. रागाने नाही, अगदी नीट बसून, विचार करून. “नाही झालं तर जूनपासून ती शाळेची नोकरी घे. मनवालाही बरं पडेल.” मी मान डोलावली होती. पुण्याहून येताना हे मी काकांना सांगितलं. 

“शाळेत काय शिकवनार?”

“पी.टी.”

“पी.टी.,” काका म्हणाले. एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसे.

तो शेवटचा दिवस होता. तिघींच्या गटातली एक जण कंबर धरल्यामुळे आदल्या दिवशीच घरी गेली होती, म्हणून मी आणि केतकी राजवाडे अशा दोघीच निघालो. केतकी एकोणीस वर्षांची, सांगलीची. बडबडी. अठरापैकी पहिल्या तीन होलमध्येच तिने मला सगळं सांगून टाकलं.

“तुमचं पोस्टर आहे माझ्याकडे, वृंदाताई. कपाटाच्या आत लावलंय. बाहेर आई लावू देत नाही, दाराचा रंग जातो म्हणते.”

“आत बरं आहे. तिथे मी जरा झाकलेली राहते.”

ती हसली. “बाबांनी एकच वर्ष दिलंय मला. कार्ड मिळालं तर ठीक, नाहीतर हॉटेल मॅनेजमेंट. फॉर्मसुद्धा भरून ठेवलाय त्यांनी. मला साधं ऑम्लेट उलटता येत नाही, वृंदाताई.”

“मलाही पी.टी. येत नाही,” मी म्हणाले. तिला ते कळलं नाही, पण काका खोकल्यासारखं हसले.

गोल्फमध्ये सगळ्यात कमी फटके मारणारी जिंकते, आणि पंच प्रत्येकीच्या मागे फिरत नाहीत. तुझे फटके मी लिहायचे, माझे तू. आपली चूक आपण सांगायची, कुणी पाहिलेली असो वा नसो. हे काकांनी मला एकदाच शिकवलं. मी चौदा वर्षांची होते, कोल्हापूरला मुलींची स्पर्धा होती. झाडीत एकटीच होते. चेंडूजवळचं वाळकं पान बाजूला करताना चेंडू हलला. हलला म्हणजे काय, ज्वारीच्या दाण्याएवढा सरकला. मी इकडेतिकडे पाहिलं. काका तीस-पस्तीस पावलांवर होते. जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुमी सांगताय का मी सांगू?” मी सांगितलं. एका फटक्याने हरले. परतीच्या एस.टी.त काकांनी सातारा येईपर्यंत शेंगा सोलून एकेक दाणा माझ्या हातावर ठेवला, पण त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. क्लबातले कॅडी त्यांना दुर्बीण म्हणायचे. लोकांचे हरवलेले चेंडू सापडत नसले की दुर्बिणीला बोलवा, असं चालायचं.

सोळाव्या होलपाशी सगळ्यांचे फटके लिहिलेला फळा होता. मी अठरावी. केतकी एकविसावी, पण माझ्यात आणि तिच्यात दोनच फटक्यांचं अंतर. सगळ्या जणी तिथे अशा दाटीने उभ्या होत्या की एकीचा पाय घसरला तर दुसरी आत.

“बघू नका फळा,” काका म्हणाले.

“पाहिला.”

“मग इसरा.”

मला विसरता येत नव्हतं. चार तास झाले होते. छाती भरून दगडासारखी झाली होती, आतून बांधलेला रुमाल ओला झाला होता, आणि मला सारखं वाटत होतं की मनवाचा ताप परत चढला आहे. शैलेशचा फोन आला नव्हता. फोन खेळताना बंदच असतो, तरी आला नव्हता याची मला काळजी.

सतराव्याच्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, उभी राहिले तेव्हा दोरीपलीकडे, झाडाखाली, शैलेश तिला खांद्यावर घेऊन उभा दिसला. त्याने हात हलवला. सगळं ठीक आहे असा हात होता तो. मी काठी मागे नेली. काठी पार वर गेली आणि मनवा रडली.

चेंडू डावीकडे गेला. तिकडे घाणेरीचं रान होतं, कमरेएवढं, आणि त्याखाली वाळलेलं पिवळं गवत.

“कुठे गेला?” मी विचारलं.

“त्या दोन बाभळींच्या मधी,” काका म्हणाले. चालायला लागले होते.

हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. नाही सापडला तर मागे टीवर जाऊन परत मारायचा, म्हणजे सरळ दोन फटके बुडाले. दोन फटके म्हणजे माझं कार्ड. हे मला माहीत होतं, काकांना माहीत होतं, आणि घड्याळ लावणाऱ्या केतकीलाही माहीत होतं, तरी ती आपली काठी टाकून घाणेरीत शिरली, हातांवर ओरखडे घेत. तिचा कॅडीही शिरला. झाडाखालून मनवाचं रडणं येत होतं. भुकेचं नव्हतं ते. भुकेचं वेगळं असतं.

“दोन मिनिटं झाली, वृंदाताई,” केतकी पलीकडून म्हणाली. सांगताना तिचाच आवाज उतरला होता.

मी काठीने गवत दाबत होते. खाली नुसती माती.

“ताई,” काका म्हणाले. “हितं.”

घाणेरीच्या हातभर बाहेर, गवताच्या झुबक्यात, चेंडू बसला होता.

“आपलाच?”

“चार नंबर. तीट हाय.”

“मिळाला?” केतकीने विचारलं. ती बघायला अर्ध्या वाटेपर्यंत आली.

“मिळाला,” काका तिला म्हणाले.

“चला, सुटलो.” तिने कपाळावरचा घाम पुसला. “काका म्हणतायत म्हणजे झालं.” आणि ती आपल्या चेंडूकडे वळली.

मी वाकले. गवत जरा बाजूला केलं. मग सरळ झाले आणि आठ नंबरची काठी मागायला हात पुढे केला. काकांनी ती आधीच काढून धरली होती. ते माझ्याकडे पाहत नव्हते. डोंगराकडे पाहत होते, जणू तिथे कुणी ओळखीचं चाललं असावं.

चांगला बसला फटका. तसा फटका मला आजही रोज मारता येत नाही. चेंडू ग्रीनच्या, भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, काठावर जाऊन थांबला. तिथून हलका टोला, मग भोकात घालण्याआधी चेंडू उचलायचा. उचलला की मी तो नेहमी काकांकडे टाकते, ते ओल्या फडक्याने पुसून परत देतात. त्या दिवशी मी तो माझ्याच पँटला पुसला आणि परत ठेवला. काका फडकं हातात धरून उभे होते. मग त्यांनी त्याची घडी घातली. चार बोटांची, व्यवस्थित.

भोकात ढकलायचा पहिला टोला चुकला, दुसरा पडला. पाच. केतकीने चार केले.

अठराव्यावर काकांनी नवा चेंडू दिला.

“बदललात?” केतकीने विचारलं. तिला नुसतं विचारायचं होतं, ती प्रत्येकच गोष्ट विचारायची.

“चिरला होता,” मी म्हणाले.

जुना माझ्या उजव्या खिशात होता. चालताना मांडीला लागत होता.

शेवटचा होल दोघींनीही चारात संपवला. मग तंबूत समोरासमोर बसून फटके लिहिलेली कार्डं तपासली. केतकीने माझे आकडे वाचून दाखवले, तिचं नखं खाल्लेलं बोट एकेका चौकटीवरून सरकत गेलं.

“सतराव्याला पाच. बरोबर?”

“बरोबर.”

तिने सही केली. मी केली. तिने थंडीने आखडलेल्या बोटांवर फुंकर मारली आणि कार्ड टेबलापलीकडे सरकवलं.

पाऊण तासाने यादी लागली. मी विसावी. केतकी एकविसावी, एका फटक्याने.

तिने यादी वरून खाली दोनदा वाचली. मग माझ्याकडे आली आणि गळ्यात पडली. रडली नाही. म्हणाली, “तुमच्याबरोबर खेळले हे तरी झालं, वृंदाताई. बाबांना सांगेन, पोस्टरवाल्या ताईंच्या मागे एकच फटका होते.” माझी छाती इतकी दुखत होती की तिच्या मिठीत मी कळवळले. तिला वाटलं मलाही रडू येतंय. तिने माझी पाठ थोपटली.

गाडीपाशी शैलेश मनवाला उंच धरून नाचवत होता. तिचा ताप उतरलेलाच होता. ती रडली होती ती एका मुंगीमुळे. पोटरीवर लाल ठिपका होता. काकांनी बॅग डिकीत ठेवली, पट्टे आत घातले, झाकण लावलं.

“ताई,” ते म्हणाले. “माझे डोळे गेले आता.”

“म्हणजे?”

“दिसंना नीट. धुकं धुकं. बॅग आता दुसऱ्या कुणाला द्या. त्या पवाराचा गणपत चांगलाय, वारा कळतो त्याला.”

“काय काका,” शैलेश म्हणाला, “आज तर कार्ड मिळालं, आणि आजच काय असं?”

“आजच बरं,” काका म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. काचेला डोकं टेकवून त्यांनी डोळे मिटले.

संगमनेरला चहाला थांबलो. काका उतरले नाहीत. शैलेशने आवाज खाली आणून विचारलं, “त्यांना खरंच दिसत नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

“कधीपासून?”

मनवा माझ्या मांडीवर होती. मी तिचं तोंड पुसत होते. “बरेच दिवस झाले,” मी म्हणाले. “मी बोलले नाही कुणाला. त्यांना वाईट वाटेल म्हणून.”

शैलेश चांगला माणूस आहे. त्याने त्याच आठवड्यात क्लबात कॅडींच्या मुकादमाला फोन करून सांगितलं, काकांना जरा सांभाळून घ्या, डोळ्यांचा त्रास आहे. त्यांनी सांभाळून घेतलं. मैदानावरून काढून मागच्या शेडमध्ये बसवलं, सरावाचे चेंडू धुवायला. मी सरावाला जायचे तेव्हा ते तिथे स्टुलावर बसलेले दिसायचे. ते मान वर करायचे नाहीत, आणि मलाही वाटायचं, बरंय, त्यांना कुठे मी दिसतेय. नवी पोरं त्यांना दुर्बीणच म्हणायची, पण आता चिडवायला.

त्यानंतर माझं चांगलं झालं. पहिल्याच वर्षी बंगलोरला जिंकले, मग दिल्लीला, मग परदेशात एक. मुलाखती घ्यायला माणसं येतात. त्यांना आई आणि खेळाडू असं काहीतरी हवं असतं, मी ते देते. तुमच्या कारकिर्दीला कलाटणी कुठे मिळाली, असं विचारतात, तेव्हा मी नाशिक म्हणते. ते खरंही आहे. केतकी मस्कतला एका हॉटेलच्या काउंटरवर आहे. मी जिंकले की तिचा निरोप येतो, अंगठे आणि फुलं, आणि खाली तेच: तुमच्या मागे एकच फटका. काका मागच्या भाद्रपदात गेले. मी तेव्हा स्पर्धेला होते. तिसऱ्या दिवशी कळलं, चौथा दिवस मी खेळले.

पण सांगायचं ते त्या नाशिकनंतरच्या मार्चमधलं. मी एकदाच त्यांच्या घरी गेले, ते.

वस्तीतली गल्ली अरुंद होती, गाडी पार टोकाला, सार्वजनिक नळापाशी लावावी लागली. मनवा मागच्या सीटवर झोपली होती. शैलेश गाडीला टेकून फोनवर बोलत होता. मी एकटीच आत गेले. डोळ्यांच्या शिबिराचा कागद हातात होता, आणि डोक्यात एक वाक्य होतं. येरवड्याच्या पुलापासून मी ते मनात म्हणत आले होते. काका, मी वाकले तेव्हा मला दिसलं होतं. तीट नव्हती.

कारण नव्हतीच. गवत बाजूला केलं तेव्हा चेंडू पूर्ण दिसला होता. कंपनी आमचीच, आकडा चारच, कधीतरी कुणाचातरी हरवलेला. आकड्याच्या वर कोरा पांढरा. मी तो मारला, कारण काकांनी आधीच हाच म्हटलं होतं, आणि काका म्हणाले म्हणजे झालं.

काका खाटेवर बसले होते. सुनेने चहा टाकला. मी खुर्चीवर बसले आणि मनवाला दात आले, ती रांगते, उंबरा ओलांडते, असं काहीबाही सांगत राहिले.

“काका,” मग मी म्हणाले, “सतराव्याला…”

“सतराव्याला माझी चूक झाली ताई.”

ते लगेच बोलले, जणू मी दारात आल्यापासून त्याचीच वाट पाहत असावेत.

“मला तीट दिसली. नसंल. डोळेच गेले तर काय दिसनार? तुमी माझ्या भरवशावर मारला. तुमच्याकडं काय दोष न्हाई त्याचा. मनात आनू नका.”

“पण काका, मी…”

“मनात आनू नका,” ते परत म्हणाले. “बाळ लहान हाय.”

ते माझ्या खांद्यावरून भिंतीकडे पाहत होते, आंधळी माणसं पाहतात तसे. मला वाटलं, यांना खरंच ठाऊक नाही. यांना आपलीच चूक वाटते आहे, आणि ती तशी वाटत राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. सांगायला लाज वाटते, पण मला इतकं हलकं वाटलं की मी चहा संपवला, आणि सुनेने पुढे केलेली दोन बिस्किटंही खाल्ली. मग कागद उलगडून त्यांना शिबिराची तारीख वाचून दाखवली.

“ऑपरेशन सोपं असतं हल्ली काका. दुसऱ्या दिवशी घरी.”

“बघू.”

“मी घेऊन जाईन तुम्हाला.”

“बघू की. आता ह्या वयात काय करायचंय बघून?”

मी उठले. ते मला पोचवायला दारापर्यंत आले. गल्लीत ऊन पडलं होतं, टोकाला नळापाशी गाडी, आणि शैलेश अजून फोनवर. मी चप्पल घातली, येते म्हणाले, दोन पायऱ्या उतरले.

“ताई,” काका मागून म्हणाले. “बाळाच्या पायातला मोजा पडलाय बघा. उजव्या. गार पानी उडतंय नळाचं, काच उघडी हाय.”

मी चालत राहिले. पावलं मोजायची मला सवय आहे, खेळामुळे लागलेली. दारापासून गाडीपर्यंत बेचाळीस पावलं झाली. मागची काच वीतभर खाली होती. आत मनवा मान टाकून झोपली होती. डाव्या पायात पिवळा मोजा होता. उजवा पाय उघडा होता, आणि मोजा सीटच्या खाली पडला होता.

“काय झालं?” शैलेशने फोनवर हात ठेवून विचारलं.

मी वळून पाहिलं. काका अजून दारातच होते. आमची नजर भिडली असावी, इतक्या लांबून मला नक्की सांगता येणार नाही. त्यांना सांगता आलं असतं.

मग त्यांनी हात पुढे केला आणि दाराची चौकट चाचपायला लागले. आधी डावीकडे, मग उजवीकडे. चौकट सापडल्यावर तिला धरून, एकेक पाऊल अंदाजाने टाकत, ते आत गेले.